दुसरा डबा मागायला कोणी आलं नाही

मामी, जमलेली मंडळी, आणि मागं दाराशी उभे असलेले लूमवाले भाऊ,

मला बोलायला उभं करून तुम्ही चूक केली आहे. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. परभणीहून निघालो तो नाशिकला जायला, आणि उतरलो सुरतेला. झोप लागली होती. इच्छापोरला ठेकेदाराकडं नऊ दिवस टिकलो. दहाव्या दिवशी रस्त्यानं उंट चालला होता, त्याच्या मागं गेलो, तो थेट मामांच्या पत्र्याच्या दुकानापाशी... ते राहू द्या. म्हणून तर कागदावर लिहून आणलंय. भरकटलो तर मामी, तुम्ही खाकरा.

मामा गेले. दहा दिवस झाले. आपल्या या पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत पत्रा ठोकल्याचा आवाज नाही, तर शेजारच्या लूमखात्यातले लोक म्हणतात, आम्हाला चुकल्यासारखं होतं. लूमच्या खडखडाटात त्यांना हा आवाज कसा ऐकू यायचा, मला माहीत नाही. पण म्हणतात.

काल मामींनी मला विचारलं, "उद्या भंगारवाला येस. डबाना साचा देऊ का ठेवू? तू सांग." आता द्यायचा का ठेवायचा, हे मी सांगायचं! ज्यानं आयुष्यात छत्रीसुद्धा ठेवली नाही! पण विचारलंय, तर खाली बसायच्या आत उत्तर द्यायला पाहिजे.

तुम्हाला मामांचा डबा माहीत आहे. तो कसा झाला, ते माहीत नाही.

बाजारातले डबे पातळ, छोट्या रोटलीच्या मापाचे. आपली भाकर त्यात बसायची नाही. घरून निघतानाच तिचे चार तुकडे करायचे. दुपारपर्यंत तुकडे वाळून चामडं. एक दिवस मी मामांना म्हणालो, "मामा, भाकरीचा डबा काढू. धडाधड खपेल."

मामांनी हातोडी खाली ठेवली. दाराच्या फळीवर खडूनं तीन ओळी लिहिल्या. कशासाठी? कोणासाठी? जमलं हे कसं कळणार?

म्हणाले, "आधी हाई भर. मंग पत्रा काप."

पहिलं सोपं होतं. भाकर अख्खी पोचावी. दुसरं सोपं होतं. लूमवरच्या माणसासाठी. तिसऱ्याला मी म्हणालो, "खपले की जमलं." मामा म्हणाले, "खपस ते काहीबी. नेनारा दुसरा मांगाले उना, तव्हय जमनं." एकदा नेलेला माणूस दुसरा मागायला परत आला पाहिजे. बस.

मग मला सुतळी देऊन घरोघर भाकरीचं माप घ्यायला धाडलं. इथं मी घोटाळा केला. पहिल्याच घरी वहिनींनी विचारलं, "सगळ्यात मोठी कोणाची भरली?" मी म्हणालो, "मामींची." झालं! दुसऱ्या घरी परातीएवढी भाकर. तिसऱ्या घरी म्हणाल्या, "थांब, नीट थापून देते." पाचव्या घरी तवा पुरेना. मामी, तुम्हीसुद्धा मला परत बोलावलं होतं. "मनी भाकर तिनापेक्षा लहान शे का?" म्हणून. खाकरू नका, खरं सांगतोय.

त्या मापानं डबा झाला. तुम्ही पाहिला असता तर! आपले लूमवरचे धोंडूभाऊ तो सायकलला लावून कडोदऱ्याला कामावर निघाले. प्रत्येक पायडलला गुडघा डब्यावर. धाड, धाड, धाड. पर्वत पाटियाच्या चौकात हवालदारानं थांबवून विचारलं, "वरात किधर है?"

मी पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुनी चूक नै रे. भाकर मोजी. माणूस कोठे जेवस, ते कोनी दखं?"

दुसऱ्या दिवशी ते कडोदऱ्याला गेले आणि अख्खी पाळी लूमखात्याच्या कोपऱ्यात बसून राहिले. शेठ विचारायचा, "कौन है ये?" लोक सांगायचे, "हमको जेवताना देखने आया है." मामांनी पाहिलं, माणूस उभ्यानं जेवतो. डोळा धाग्यावर, एक हात लूमवर. डबा टेकवायला जागा नाही, भिंतीला खिळा आहे. मग नवा डबा झाला. चपटा, मागं कडी, झाकण म्हणजेच ताटली. आणि भाकर मोजली ती कोणाला न सांगता, साध्या मंगळवारची.

तो खपला. तुम्हीच नेलात.

पण संध्याकाळ झाली की मामा फळीकडं बघून विचारायचे, "दुसरा मांगाले कोनी उना का?" मी म्हणायचो, "नाही." वर्षामागून वर्षं. मला ते बघवेना. शेवटी मी एसटीडी बूथवरच्या दोस्ताला पढवून पाठवला. तो आला, म्हणाला, "मामा, दुसरा डबा द्या." मामांचा चेहरा असा फुलला! मग म्हणाले, "पहिला दखाड."

पहिला दाखवायला दोस्ताकडं होता कुठं! त्यानं माझ्याकडं बघितलं. मामांनी पण माझ्याकडं बघितलं. आणि चहा मागवला. तिघांसाठी.

मामा जाताना काय समजून गेले? की जमलं नाही.

आता एक काम करा. ज्यांच्या घरात मामांचा डबा आहे, हात वर करा. मामी, मागं वळून बघा. धोंडूभाऊ, तुमचा किती वर्षांचा? सहा? कडी हलते का? नाही. झाकण बसतं? अहो, मग दुसरा कशाला मागाल! पहिला मोडतच नाही! मामांनी खडूनं लिहिलेलं माप मामांच्याच हातोडीनं हाणून पाडलं, आणि हे त्यांना सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मी तर रोज तोच डबा घेऊन त्यांच्यासमोर जेवायचो.

मामी, आता उत्तर. माझा थोरला भाऊ गावाकडनं येतोय. कडोदऱ्याला लूमवर लागतोय. त्याला डबा लागणार. कशासाठी, ते झालं. कोणासाठी, तेही झालं. साचा देऊ नका. पत्रा मी कापतो. मी टिकेन का? मला ठाऊक नाही. फळीवर तिसरी ओळ पुसून लिहा, पुढच्या वर्षी आजच्या दिवशी मी याच गल्लीत सापडलो, तर जमलं.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू. शेजारचे लूम काही थांबणार नाहीत, मामांना ते चालायचं. आपण गप्प राहू.

त्याआधी एवढंच. मी माझा डबा बरोबर आणलाय. हा बघा. हा इथं फोटोपुढं ठेवतो.

मामा, रामराम. पहिला हा. दुसरा मागायला माणूस आलाय.