कात्री चालू ठेवा

हसा, हसा. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मास्कवरून आणखी रुमाल लावून हसताय, तो काढलात तरी चालेल, खांदे हलताना दिसतायत मला. माझं डोकं बघून लोक हसतात याची आता सवय झालीये. पाच महिने या केसांना कात्री लागलेली नाही. परवा शेजारच्यांनी मागून हाक मारली, "वहिनी, दूध आलं का?" मी वळलो, तर माणसानं ओशाळावं की नाही? म्हणाले, "बरं, तुम्ही सांगा. आलं का?"

आता तुम्ही म्हणाल, मग सलूनला का जात नाही, घाबरता का? अहो, गेलो होतो. फोन करून, नंबर लावून, घरचा टॉवेल घेऊन गेलो होतो. एक वाजून गेला तरी मी सलूनमध्येच होतो आणि हातात कात्री होती. माझ्या हातात. हा अंगठा बघा. घट्टा पडलाय की नाही? ऑफिसात वीस वर्षं फायली सरकवून जो पडला नाही तो इथे पडला. तेच तर सांगतोय.

आमच्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणतात. खरं नाव लाइटबिलावर असेल. तुम्ही खुर्चीत टेकलात की हा सुरू. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाच्या सुनेनं कुणाला काय सुनावलं... आणि हे सगळं चालू असताना गरम टॉवेल, डोक्याला मालिश, शेवटी मान अशी कडकन मोडून द्यायचा की माणूस दोन इंच उंच होऊन घरी जायचा. मी जायचो केसांसाठी. आमचे वडील, म्हणजे अण्णा, जायचे झोपायला. खरंच सांगतो. तीस वर्षं, महिन्यातून एकदा. खुर्चीत बसले की दुसऱ्या मिनिटाला मान कलंडली. रेडिओ बोलतोय, कात्री चालतेय, अण्णा घोरतायत.

अण्णा पेंटर. चित्रांचे नाहीत, बोर्डांचे. दुकानांवरची नावं रंगवायचे. अण्णा शिडीवर आणि खाली शिडी धरायला त्यांचा दोस्त, आमचे शिडीकाका. चाळीस वर्षं हीच जोडी. वरून अण्णा म्हणायचे, "ओळ सरळ आहे का रे?" खालून काका म्हणायचे, "तू सरळ उभा राहा, ओळीचं मी बघतो."

मग ही साथ आली आणि काका गेले. आठ दिवसांत गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं, कुणालाच जाऊ दिलं नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं ज्यानं मला पडू दिलं नाही, त्याला शेवटचं बघायलाही मी गेलो नाही." त्यानंतर बोलणं बंद आणि झोप बंद. पंख्याकडे बघत पडून राहायचे. ब्रश डब्यात वाळून काड्या झाले. डॉक्टरांनी फोनवरून गोळ्या दिल्या, त्यांनी तोंड कडू झालं, डोळा काही लागला नाही. दोन महिने. माणूस डोळ्यांदेखत सुकत होता, आणि आम्ही नवराबायको ताटं वाढून एकमेकांकडे बघत होतो.

तेव्हा बायको म्हणाली, "अहो, अण्णा हमखास कुठे झोपायचे, आठवतंय का?"

लगेच रेडिओला फोन लावला. सलून नुकतं उघडलं होतं. मी म्हटलं आता हा अर्धा तास सोडत नाही. तर पलीकडून आवाज आला, "अण्णा अकरा ते अकरा वीस. तुम्ही अकरा वीस ते अकरा चाळीस. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं." आणि फोन ठेवला. मी नंबर पुन्हा तपासला. रेडिओ तीन वाक्यांत संपतो?

गेलो. दाराला हा एवढा पुठ्ठा, त्यावर मार्करनं नियम. आत एकच गिऱ्हाईक. मास्क काढू नये. दाढी-मिशी बंद. मालिश बंद. पंखा बंद. पेपर मिळणार नाही. टॉवेल आपापला आणावा. आणि सगळ्यात खाली, बोलू नये. आता रेडिओनं 'बोलू नये' लिहायचं, म्हणजे कोंबड्यानं 'आरवू नये' अशी पाटी लावण्यातलाच प्रकार. पण अण्णा नियम वाचतच नव्हते. ते अक्षर बघत होते. पुठ्ठ्यापाशी नाक नेऊन म्हणाले, "हा ह आहे की गांडूळ?"

तुम्हाला सांगतो, दोन महिन्यांत अण्णांनी पहिल्यांदा कुणाला तरी नावं ठेवली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आतून रेडिओ आला. टोपी, मास्क, मास्कवर प्लॅस्टिकची काच, हातमोजे, पायघोळ एप्रन. अण्णांच्या कपाळाला ते ताप मोजायचं पिस्तूल लावलं, हातावर औषध शिंपडलं आणि खुर्चीत बसवून प्लॅस्टिकचा झगा घातला, जो हलला की फरसाणाची पिशवी उघडल्यासारखा वाजतो. मी बाहेर, फुटपाथवर खडूनं काढलेल्या गोलात. दार हवेसाठी सताड उघडं, त्यामुळे सगळं दिसत होतं.

अण्णा म्हणाले, "पेपर?" रेडिओनं बोट केलं. बोर्डावर लिहिलंय.

"गरम टॉवेल?" बोर्डावर लिहिलंय.

"मालिश तरी?" बोर्डावर लिहिलंय.

"मग राहिलं काय?" यावर रेडिओनं बिचाऱ्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कात्री वर करून दाखवली.

माझं अवसान गळालं. ज्या ज्या गोष्टीनं अण्णांना झोप यायची ती प्रत्येक गोष्ट बंद. वर ते मास्कचं लफडं. कानाजवळचे केस कापायचे तर मास्कची दोरी मध्ये येते. मग रेडिओ खुणा करणार, डावा कान सोडा, हातानं मास्क धरा, आता उजवा सोडा, आता डावा अडकवा... आरामाला आलेला माणूस, त्याच्याकडून कवायत करून घेताय? मी गोलात उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, झोपा अण्णा, झोपा. पोराला पाळण्यात घालूनही कधी इतकं म्हटलं नसेन.

आणि मग कात्री लागली. कच, कच, कच. मानेपासून वर, कानामागून पुढे. अण्णांचा मास्क धरलेला हात हळूहळू खाली यायला लागला. आणखी खाली. मान कलंडली. रेडिओनं पटकन केसांचे दोन चिमटे लावून मास्क जागच्या जागी बसवला, नियमाला धक्का नाही. मास्कचं कापड आत जातंय, बाहेर येतंय. अण्णा झोपले होते.

अकरा वीसला दोन सेकंद असताना रेडिओनं झडप घालून मोबाइलचा गजर बंद केला. पण त्यासाठी कात्री थांबली ना, तर अण्णांच्या पापण्या हलल्या. रेडिओनं घाबरून पुन्हा कात्री चालवली, नुसती हवेत. कच, कच. पापण्या स्थिर. थांबवली, हलल्या. चालवली, स्थिर. केस कापून झाले होते, वीस मिनिटं झाली होती, खुर्ची पुसायची होती, माझ्या मागच्या गोलात पोस्टमन, त्याच्या मागच्या गोलात गणिताचे सर. रेडिओनं माझ्याकडे बघितलं. मी रेडिओकडे बघितलं. तो दारापर्यंत आला, हात मागे करून कात्री चालूच, आणि कुजबुजला, "किती दिवसांनी?"

मी म्हटलं, "दोन महिन्यांनी. काका गेल्यापासून."

त्यानं मान वर केली. दारावर त्याच्या सलूनचा मूळ बोर्ड आहे, निळ्यावर पिवळा. अण्णांनी रंगवलेला, शिडी काकांनी धरलेली.  मग म्हणाला, "आत या."

मी म्हटलं, "अरे, आत एकच गिऱ्हाईक. बोर्डावर लिहिलंय."

"तुम्ही गिऱ्हाईक नाही आता. कामगार." आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मला टोपी, एप्रन, हातमोजे, काच सगळं चढवून त्यानं माझ्या हातात कात्री दिली. "अंगठा हलवायचा, बाकीची बोटं नाही. कानापासून लांब. कात्री चालू ठेवा."

आणि मी चालू ठेवली. अहो, करतो काय?

बाहेर पोस्टमनचा आवाज चढला, "अकरा चाळीसला मला घेणार की नाही? मला टपाल वाटायचंय." सगळ्यांनी मिळून त्याला शूऽऽ केलं. त्यानं आत डोकावून बघितलं, झोपलेले अण्णा बघितले, मागे हवा कापणारा मी बघितला, आणि काय झालं कोण जाणे, गप्पच झाला. तेव्हा गणिताचे सर पुढे आले. म्हणाले, "बोर्डावर काय लिहिलंय? आत एकच गिऱ्हाईक. आत किती आहेत? एक. बाहेर किती असावेत याबद्दल बोर्ड काही म्हणतो का? नाही. मग स्टूल बाहेर टाका." पोरांना नापास करणारा माणूस, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो.

स्टूल फुटपाथवर आलं. पोस्टमन बसला. मोकळी हवा, ऊन, वर झाडाची सावली. साथीला यापेक्षा चांगलं काय? आणि गंमत ऐका. 'बोलू नये' हा नियम आतला. बाहेर कुठे लिहिलंय? रेडिओला हे कळायला एक मिनिट लागलं. आधी हळूच म्हणाला, "काय, टपाल बरंय ना?" मग जरा मोठ्यानं. मग काय विचारता, चार महिन्यांचा साठा होता त्याच्याकडे. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, बंदीत कोण कोणाच्या घरी अडकलं... सगळं उघड्या दारातून आत. आणि इकडे खुर्चीत अण्णा घोरायला लागले. तेच जुनं घोरणं, शेवटी शीळ घालणारं.

मला रडू आलं. लाज कसली त्यात? माझ्या चष्म्यावर वाफ, वाफेवर काच, कुणाला कळलंसुद्धा नाही. पोस्टमन झाला, सर झाले, आणखी दोघं होऊन गेली. सगळ्यांचे केस कापले गेले, ज्याचा नंबर अकरा वीसचा होता तो सोडून. एकानं दारात येऊन मलाच विचारलं, "दाढी होईल का?" मी कोपरानं दाखवलं, बोर्डावर लिहिलंय.

सव्वा वाजता अण्णा जागे झाले. आरशात बघतात तर मागे मी, हातात कात्री. "तू?" त्यांनी डोकं असं वळवलं, तसं वळवलं. "बरे कापलेस की. हा रेडिओ तीस वर्षं डाव्या कानामागे थोडे ठेवतो." बाहेर रेडिओनं ऐकलं आणि स्टूल जरा जोरातच पुसायला घेतलं. मग अण्णा म्हणाले, "शिडी दिसली रे. मी वर होतो. खाली कुणीतरी धरली होती." आणि झगा झटकत उठले. "बाहेरचा तो पुठ्ठा काढायला सांग. उद्या रंग आण. असली अक्षरं लावून मेला धंदा करतो."

त्या दिवशी घरी येऊन अण्णा दोन पोळ्या जास्त जेवले. बायको दाराआड जाऊन डोळे पुसून आली.

रेडिओच्या दाराला आता अण्णांचा बोर्ड आहे. पांढऱ्यावर लाल, नियम तेच, पण लोक थांबून वाचतात. फक्त 'बोलू नये'च्या जागी अण्णांनी लिहिलंय, 'बोलणे असल्यास बाहेरच्या स्टुलावर'. तिथे आता नंबर मिळत नाही. मला तीन आठवड्यांनी मिळाला. गेलो, तर अण्णा बरोबर आले, रंग नीट वाळलाय का बघायला म्हणून. बघितला, खुर्चीत जरा टेकले... पुढचं सांगायला हवं का? रेडिओनं एप्रन माझ्याकडे फेकला.

घरी तेच. मी मोबाइलवर कात्रीचा आवाज भरून आणला, उशाशी लावला. अण्णांनी एक डोळा उघडला. "ही कात्री रिकामी आहे. मागे माणूस नाही." आता तो माणूस म्हणजे मीच, दुसरं कोण? रोज दुपारी मी ऑफिसचं काम लॅपटॉपवर डाव्या हातानं करतो आणि उजव्या हातानं हवा कापतो. मीटिंगमध्ये साहेब विचारतात, "हा आवाज कसला?" मी म्हणतो, बजेटमध्ये काटछाट चाललीये.

तक्रार नाही हो माझी. अण्णा झोपतात. उठले की ब्रश भिजत घालतात, गल्लीतल्या निम्म्या दुकानांचे नियम रंगवून झालेत. शिडीवर चढतात परत, आणि खाली शिडी कोण धरतं ते तुम्हाला कळलंच असेल. फक्त या डोक्याचं काय ते विचारायला गेलो परवा. म्हटलं अण्णा, एक दिवस सुट्टी द्या, केस कापून येतो.  दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत नवा बोर्ड. सुंदर अक्षर, खाली सावली, कडेला वेलबुट्टी. 'दुपारी दोन ते तीन कात्री चालू राहील. कामगारास रजा नाही.'

पावणेदोन झाले. खरं तर अजून बरंच सांगायचं होतं, पण निघतो. काय करणार, बोर्डावर लिहिलंय.