थंड हवेचा पाइप

थंडीत मोटारीचं इंजिन माणसापेक्षा तरतरीत होतं, हे शास्त्रीय सत्य आहे. ते बायकोला सांगणारे गृहस्थ मात्र गॅरेजच्या बाकावर मफलर गुंडाळून शिंकत होते. शेजारी पंक्चरसाठी थांबलेल्या निवृत्त मास्तरांनी पेपर डोळ्यांसमोर धरला आणि कान त्या नवराबायकोकडे लावले.

"अगं, थंड हवा दाट असते. कंपनीच्या पाइपातून ती पुरेशी येत नाही. हा नवा पाइप गाडीला पोटभर हवा देतो. आत्ता चक्कर मारली तेव्हा जाणवलं ना?"

"जाणवलं खरं. धुक्यात चाकं रस्त्याला लागतच नव्हती जणू."

"आणि हीच गाडी तू आज विकायला निघाली होतीस."

"चढावर धापा टाकायची म्हणून. माझ्या भावांनी दोनदा ढकललीय ती."

"आज टाकली धाप?"

"नाही हो. आज वाटलं, असंच जात राहावं, कुठे पोचूच नये. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत जायचो ना, तसं."

"मग?"

"मग काय, तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हाच त्या गिऱ्हाइकाला फोन केला. गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं."

गृहस्थ शिंकायचं विसरले. मास्तरांच्या पेपरातही थोडं धुकं उतरलं.

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत आला. बगलेत चकचकीत नवा पाइप होता.

"साहेब, हा तुमच्या गाडीला बसत नाही. सांगायचं राहिलं. मघाशी चक्कर मारायला दिली, तेव्हा जुनाच परत जोडला होता."