होडीच्या तोंडाचा दोर

रोह्याच्या रुग्णालयात माझ्या शेजारच्या बाकावर एक जीपचालक आणि त्याची धाकटी बहीण बसली होती. आत तिच्या मुलावर शस्त्रक्रिया चालू होती.

“दादा, माझा शिवा मोटारसायकल घेऊन जीपच्या मागंच कशाला होता?”

“टपावरची होडी हलते काय, ते बघाया. त्यालाच धाकधूक होती.”

“मधले दोर तर घट्ट होते ना?”

“घट्ट होते गो. पन तोंड मोकलं. नागोठण्याच्या पुलावर समोरून वारा शिरला, तोंड उचललं, नि होडी कॅरिअरसकट मागं त्याच्यावर पडली.”

“नव्या होडीच्या तोंडाला हलद-कुंकू लावलेलं. पानी लागल्याबिगर त्याच्यावर दोर नको, सोड, म्हनून मीच हटून बसले.”

“सोडला तर मीच ना?”

“तू नाय म्हनत होतास.”

“गप ऱ्हा, बायजा. पोलीस आले की मी सांगतो, पुढचा दोर कुजका होता, तुटला.”



“तसं नको सांगू, दादा. तो दोर शिवानं पेणवरून नवा आनलेला. शुद्धीवर आला, तर त्याला वाटंल, त्याचीच चूक झाली.”