शिकलेल्या बाईचा अंगठा

हसू नका, पण मी शाळेतली बाई असून बँकेत अंगठा लावून खातं उघडलंय. बाहत्तर सालची गोष्ट, श्रीरामपूरची. आमच्या ह्यांनी सायकलच्या दुकानापायी देणं करून ठेवलेलं. ते माझ्या पगारातून फेडायचं ठरलं. पण हे माझी हुबेहूब सही मारून जुन्या खात्यातले पैसे काढायचे आणि मित्रांना उसने द्यायचे! म्हणून मी ह्यांना सोबत घेऊनच नवं खातं उघडायला गेले.

कारकुनानं पेन पुढं केलं. मी शाईचं पॅड ओढलं.

"अहो बाई, पोरांना बाराखडी शिकवता आणि अंगठा?"

"माझी सही ह्यांनाच जास्त छान जमते."

हे कानाशी पुटपुटले, "अगं, लोक अडाणी म्हणतील."

"म्हणू द्या. तुमचं देणं फिटेपर्यंत मी अडाणीच!"