पोरीच्या लग्नाचा बॅकअप

बैरूतमधल्या कारोच्या दुरुस्तीच्या दुकानात नुहाद मांडीवर प्रिंटर घेऊन बसली होती. रांगेत तिच्या पुढे असलेल्या काकांनी काउंटरवर एक बाहेरून जोडायचा हार्ड ड्राइव्ह आदळला.

"उस्ताद, पोरीच्या लग्नाचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर आहेत. कॉपी करायला घेतले की हा अर्ध्यातच मान टाकतो."

"कॉम्प्युटरही बंद पडतो?" कारोने विचारलं.

"छे, तो बॅटरीवर असतो. हा भिंतीच्या प्लगला."

"आणि मान टाकतो कधी?"

"सरकारी वीज आली की."

"म्हणजे एरवी घरांना वीज देणारा गल्लीतला जनरेटर बंद करतात तेव्हा. मधे क्षणभर वीज जाते, काका. ड्राइव्ह धडधाकट आहे. यालाही बॅटरीवर लावा, आणि त्या जनरेटरवाल्याला सांगा, जरा दमानं घे म्हणून."

"त्या गाढवाला सांगून काही उपयोग नाही."

"ओळखता?"

"रोज दाढी करताना आरशात भेटतो."

नुहादने हसू दाबायला प्रिंटर पोटाशी घट्ट धरला.

"अहो, मग घरात कॉपी चाललीय एवढंही लक्षात राहत नाही?" कारो म्हणाला.

"वीज आली की मला फक्त वाचणारं डिझेल दिसतं, बाबा. म्हणून तर हे फोटो हवेत. वरात दारात आली, तेव्हाही मी जनरेटरपाशीच होतो."