आठ खांबांचा मंडप

— छे हो मॅडम, तळं आधी नव्हतंच. खाण होती इथं. अख्ख्या शहराच्या भिंतींना दगड गेला, खड्डा उरला, त्यात पाणी साठलं — मग कुणाला तरी सुचलं, याला बाग म्हणू. लिहा तसं, तुमच्या शंभर वर्षांच्या पुस्तिकेत शोभेल. आणि या वळणाच्या वाटा? दगडाच्या गाड्या वर चढायच्या, त्याच त्या. आखणारा हुशार. आयतं होतं, वापरलं.

मंडप ना? तो त्या रिकाम्या जोत्यावर होता. आठ लाकडी खांब, वर कौलं, बँडवाले वाजवायचे. लाकूड बाहेरून धडधाकट, आतून वाळवी — म्हणून दरवर्षी रंगाआधी माळ्यानं एकेक खांब हातोडीनं ठोकून बघायचा. ‘ठक्’ आलं, ठीक. ‘ढब्’ आलं, बदला. वडिलांनी चाळीस वर्षं ठोकले, मी अठ्ठावीस — म्हणजे सत्तावीसच. एक वर्ष राहिलं.

का राहिलं? मोठे साहेब येणार म्हणून रंगारी आधीच येऊन गेले. मी रजेवरून येतो तर खांब चकाचक. ताज्या रंगावर हातोडी मारली की टवके उडतात. म्हटलं, जाऊ दे, एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय?

आणि आमची ही — बायको हो — दुपारी डबा घेऊन यायची, तिथंच बसायची खांबाला टेकून. मला उशीर झाला की म्हणायची, ‘झाडांशीच लग्न लावायचं होतंत, मला कशाला फसवलंत?’ त्या दिवशी वारा होता. फार नव्हता. चौकशीच्या फायलीत ‘वादळ’ आहे, ते मीच सांगितलं. मंडप तिच्यावर कोसळल्याचा आवाज आला तेव्हा मी गुलाबांना पाणी देत होतो. धावलो नाही. पाइप हातात, पाणी चाललंय — उभाच. तीन वर्षं झाली. रडू म्हणाल तर येत नाही. लोक म्हणतात, धीराचा माणूस. कसला डोंबलाचा धीर! काही वाटतच नाही.

मुलगी येते दर रविवारी. हात हातात घेऊन बसते, ‘बाबा, वादळापुढं कुणाचं काय चालतं,’ म्हणते. मी मान हलवतो. तुमची पुस्तिका छापून आली की पहिली प्रत तिला हवीय.

अहो, हे सगळं लिहून घेतलंत की काय? खोडा, खोडा ते. वादळ लिहा —

थांबा. नका खोडू. तिला वाचू दे.

उठा आता. मला फाटक लावायचंय.