आचाऱ्याच्या लेकीचं पारणं

या मंडळी, पुढे सरका. मागच्यांना जागा द्या. देवाला हात जोडून झाले, आता जरा कान माझ्याकडे द्या. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे — उपाशी माणूस देवाला जास्त आवडतो का हो?

बोला की! परवाच एकादशी झाली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस — झाला आपला उपास! हसू नका, माझाही तोच. या उपासानं कुणी वाळलेलं मी पाहिलं नाही. मी विचारतोय ते खऱ्या उपाशी माणसाबद्दल. पोट पाठीला लागलंय, डोळे आत गेलेत, आणि म्हणतोय, "देवासाठी करतो." असा माणूस देवाला जवळचा का? थांबा, घाई नको. आधी रंगूअण्णांची गोष्ट ऐका, मग सांगा.

रंगूअण्णा म्हणजे बोरखिंडीचे आचारी. त्या भागात लग्न काढायचं तर मुहूर्त भटजींनी सांगायचा, पण त्याआधी तारीख अण्णांना विचारायची! पाचशे पान असो, हजार असो, अण्णा धोतर वर खोचून चुलवणासमोर उभे राहिले की वधूपिता निवांत झोपायचा. त्यांच्या कारभारीण कावेरीबाई, आणि एकच लेक, रेवती. लेक लहानपणापासून बापाच्या मागे पंगतीत वाढायला. हातात मिठाची वाटी असायची तेव्हापासून! पुढे जिलबीचं ताट आलं. अण्णांचा केवढा जीव तिच्यावर!

ही रेवती बारावीला गेली आणि आषाढात म्हणाली, "आई, मी चातुर्मास धरते. एकभुक्त राहणार."

कावेरीबाईंना काय आनंद झाला म्हणता! आजकालच्या पोरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि आपली पोर व्रत करते! सगळ्या आळीत सांगून आल्या. झालं. रेवतीनं आधी गोड सोडलं. मग तेलकट सोडलं. मग भात सोडला. श्रावण सरेपर्यंत पोर दूध-फळांवर आली. अंग भराभर उतरलं. आणि बायका काय म्हणाल्या? "अगं बाई, किती छान दिसायला लागलीस! चेहऱ्यावर तेज आलंय हो व्रताचं!" भजनी मंडळानं देवळात बोलावून साडी-नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी तर उभं राहून वाजवल्या.

कार्तिकात चातुर्मास संपला. सगळ्यांनी उपास सोडले. रेवतीनं सोडला नाही! म्हणाली, सोमवार धरलेत. मग गुरुवार. मग शनिवार. मग चतुर्थी, प्रदोष — अहो, आपल्याकडे साती वारांना देव आहेत, ज्याला जेवायचं नाही त्याची सोय भरपूर! अण्णा म्हणाले, "बाळ, पुरे आता. जेव." तर पोर म्हणते, "अण्णा, देवाचं आहे. तुम्ही मोडायला लावता?" आता देवाचं नाव आल्यावर बाप काय बोलणार?

पण मंडळी, खोलीचं दार लावून ही पोर आरशासमोर उभी राहायची. हाडं वर आलेली, आणि तिला दिसायचं काय? जाड! अजून जाड! तुम्ही म्हणाल, बुवा, डोळे फुटले होते का तिचे? नाही हो. आजारच तसला. डोळे धड असतात, मनाला उलटं दिसतं. आणि खरी गंमत — गंमत कसली, दैना — पहिल्यांदा वजन भराभर उतरलं, नंतर काटा हलेचना. पोट तेवढंच रिकामं, पण काटा जागचा हलत नाही! मग हिनं काय केलं? होतं त्यातलं निम्मं केलं.

आणि वाढायला मात्र पुढे! पंगतीत वाकून वाकून आग्रह करायची, "घ्या ना, अजून एक घ्या, काकू!" घरी बसून पुरणाला जायफळ किती, मसालेभाताला गोडा मसाला किती, हेच बोलायची. दिवसभर डोक्यात अन्न, तोंडात मात्र कण नाही. अण्णा बायकोला म्हणायचे, "अगं, हिला खाण्याची एवढी आवड, मग खात का नाही?" त्यांना कुठं ठाऊक, भुकेल्याच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहतच नाही!

चैत्राच्या उन्हात पोर शाल पांघरून बसायला लागली. हात बर्फासारखे. केस मुठीनं गळायचे, आणि हातांवर, पाठीवर मात्र बारीक लव उगवली. पाळी थांबली. हो, पाळीच म्हणालो. देवळात म्हणालो. ज्यांना लाज वाटते त्यांनी खुशाल खांबाआड बसावं! कावेरीबाईंनी हे शेजारणीला हळूच सांगितलं, तर ती म्हणते, "तपानं होतं हो असं. बरंच की, सोवळ्याला अडचण नाही!" आता या बाईला काय म्हणावं? शहाणी म्हणावं का?

वैशाखात एका लग्नात रेवती वरणाची बादली घेऊन पंगतीत शिरली आणि मधोमध कोसळली. वरण सगळं पानांवर. अण्णा चुलवणावरून धावत आले, पोरीला उचललं — आणि तसेच उभे राहिले. भाताची पातेली उतरवणारा माणूस तो, वजनाचा अंदाज हाताला. आणि हातात पोर आहे की नुसती तिची साडी, हे कळेना! भर पंगतीत तो माणूस हमसून हमसून रडला.

घरी आणल्यावर रेवती शुद्धीवर आली. भ्याली होती ती. बापाचा हात धरून म्हणाली, "अण्णा, मला मरायचं नाही. मी जेवते."

आता सांगा मंडळी, तुमची पोर असं म्हणाली तर तुम्ही काय कराल? बरोबर! तेच अण्णांनी केलं. पारणं! उभ्या आयुष्यात केला नसेल असा स्वयंपाक मांडला. बासुंदी आटवली, जिलबी काढली, तुपात भिजलेला शिरा केला. शेजारपाजारच्या बायका वाट्या घेऊन आल्या. "आमच्या हातचं खा गं, पुण्य लागेल आम्हाला!" आणि पोर खात सुटली. इतक्या महिन्यांचा बांध फुटला म्हणजे काय होतं! सकाळी शिरा, दुपारी बासुंदी, रात्री पुन्हा शिरा. अण्णा समोर बसून वाढतायत, डोळे पुसतायत, म्हणतायत, "देवा, पावलास रे बाबा!"

दोन-तीन दिवस गेले. रेवतीचे पाय सुजले. धाप लागायला लागली. बोलताना शब्द अडखळायला लागले. छातीत नुसती धडधड. तालुक्याला मोठ्या दवाखान्यात नेली, तिथं डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "हिला काय दिलंत खायला?"

अण्णांनी छाती पुढे काढून सांगितलं, "बाई, काही कमी केलं नाही! बासुंदी, जिलबी, शिरा—"

बाई खुर्चीत बसल्या. "अण्णा, तुमची पोर उपासानं मरणाच्या दारात गेली होती. आत ढकलत होतं ते हे जेवण."

मंडळी, उभ्या गावाला जेवू घालणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं! अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "माझ्या हातच्या अन्नानं?" एवढंच म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "चुलीला लाकडं कमी पडायला लागली की तुम्ही काय करता?"

"जाळ बारीक करतो."

"शरीर तेच करतं. अन्न येईना म्हटल्यावर जाळ बारीक केला. हातपाय गार, नाडी मंद, पाळी बंद, केसांना पोषण नाही. म्हणून काटा हलत नव्हता. तिचं अंग सुटत नव्हतं, शरीर जगायची धडपड करत होतं. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा त्यानं घराचे वासे काढून जाळले. मांस जाळलं. हृदय म्हणजे मांसच की, तेही झिजलं. हाडंसुद्धा ठिसूळ होतात. आणि अशा शरीरावर एकदम एवढं गोड आलं, तर ते पचवायला रक्तातले उरलेसुरले क्षार पेशींच्या आत ओढले जातात, रक्तात काही उरत नाही, आणि हृदय अडखळतं. अशा पोरीला थोडं थोडं द्यायचं, रोज रक्त तपासत, औषधांसोबत, दवाखान्यात ठेवून. घरच्या घरी पारणं नाही करायचं!"

"पण ही वाचेल ना बाई?"

"आज सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

अण्णा दाराबाहेर बसून राहिले. लग्नाचं काम सोडून दिलं, निरोप पाठवला, दुसरा आचारी बघा. सलाइनमधून क्षार जात होते, दवाखान्यातून मोजून पेज येत होती. ती पेज रेवतीला भरवायची एवढंच अण्णांना काम. आणि देवाच्या कृपेनं म्हणा, बाईंच्या हुशारीनं म्हणा — मी दोन्ही म्हणतो — नाडी ठिकाणावर आली. पोर वाचली!

मग मनाच्या डॉक्टर आल्या. त्यांनी रेवतीला हळूहळू बोलतं केलं, आणि एक दिवस अण्णा-कावेरीबाईंना आत बोलावलं. रेवती खाली बघत म्हणाली, "अण्णा, गेल्या साली पाटलांच्या लग्नात मी जिलबी वाढत होते. वरपक्षाची एक बाई म्हणाली, आचाऱ्याची पोर दिसतेच, निम्मी कढई हिनंच रिचवली असेल! सगळी पंगत हसली."

"कोण ती बाई? नाव सांग!" अण्णा उसळले.

"तुम्ही पण हसलात, अण्णा. म्हणालात, चव बघायलाच ठेवलीय तिला."

अण्णांना आठवेचना! अहो, खरंच आठवेना. गिऱ्हाईकाला हसवायला आपण दिवसात पन्नास वाक्यं बोलतो, त्यातलं ते एक. बोलणारा विसरला आणि ऐकणारी वर्षभर उपाशी राहिली. डॉक्टर म्हणाल्या, "एका वाक्यानं हा आजार होत नसतो, अण्णा. त्याला पुष्कळ कारणं असतात. स्वतःला जाळू नका." अण्णांनी ऐकलं, पण पोरीच्या पायाशी बसून म्हणाले, "चुकलो गं बाळ. फार चुकलो." आणि बाप-लेक दोघंही रडली. कावेरीबाईंचं तर विचारूच नका.

आता तुम्हाला वाटेल, झालं, पोर घरी आली, जेवायला लागली, आख्यान संपलं. कुठलं हो! आजार असा एका रडण्यानं जात असता तर मी कशाला घसा फोडला असता? रोज ठरलेल्या वेळेला जेवण. कधी ताट सरकवायची, कधी तासभर एका पोळीकडे बघत बसायची. आणि जाळ पुन्हा पेटला की शरीर मागतं फार, भरतं मात्र वेडंवाकडं — आधी पोट, आधी गाल. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पुढे सारखं होतं म्हणून. पण तेवढ्यात ती सोवळ्याची शेजारीण आली आणि म्हणाली, "अगं बाई, कशी गुटगुटीत झाली पुन्हा!"

रेवतीनं ताट बाजूला केलं. चार दिवस पुन्हा नन्नाचा पाढा!

कुणाला वाकडा शब्द न बोलणारे अण्णा उठले आणि शेजारणीला म्हणाले, "वहिनी, या, चहा घ्या, गावच्या गप्पा मारा. पण माझ्या पोरीच्या अंगाबद्दल या घरात बोलायचं नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

शेजारीण रागावली. रागावू दे! डॉक्टरांकडच्या फेऱ्या चालू राहिल्या, घास चालू राहिले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कधी पुढे, कधी मागे.

आणि एके दुपारी तिघं जेवायला बसली होती. अण्णांनी आमटी केलेली. आता हे अण्णा म्हणजे स्वयंपाकाच्या बाबतीत महा तिरसट बरं का! एका यजमानानं भाजीत मीठ कमी म्हटलं, तर त्याच्याकडे पुन्हा पाय ठेवला नाही, असा माणूस. रेवतीनं आमटीचा भुरका मारला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "काय हो अण्णा, केवढी ही चिंच! दात आंबले माझे. गूळ घाला थोडा, आणि मला परत वाढा."

परत वाढा! मंडळी, परत वाढा म्हणाली पोर! अण्णा उठले, गुळाचा डबा काढला आणि आमटी ढवळताना पाठ फिरवून डोळे पुसले. कावेरीबाईंनी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "चुकलीच की गं आज आमटी, पार चुकली!" आणि हसायला लागले.

आता सांगा. उपाशी माणूस देवाला जास्त आवडतो का? अहो, ज्यानं भूक दिली, त्यानंच अन्न दिलं. आपल्या लेकराचं हृदय थांबायला आलेलं बघून खूश होईल तो देव कसला? पोर वाळत होती तेव्हा तो खूश नव्हता. खूश आपण होतो. साडी-नारळ आपण दिला. तेज आपल्याला दिसलं!

म्हणून सांगतो. घरात कुणी पोर असेल, पोरगा असेल — हो, पोरांनाही होतो हा आजार — सारखे उपास काढतंय, उन्हात कुडकुडतंय, दुसऱ्याला वाढतंय आणि स्वतः ताटावर बसत नाही, तर उद्याच डॉक्टरकडे न्या. माझ्याकडे आणून अंगारा मागू नका, आणि घरी बासुंदी आटवू नका!

आता बाहेर पानं मांडलीत. प्रसादाचा वास इथवर आलाय, तुमची चुळबुळ मला दिसते. आधी देवाचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या. आणि ज्या तोंडानं ते नाव घ्याल, त्याच तोंडानं पंगतीत कुणाला जाड म्हणू नका, बारीक म्हणू नका. वाढणारी पोर समोर येईल, तिला एवढंच विचारा — बाळ, तू जेवलीस का?